आप्पा सुट्टीच घेत नाहीत

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सारांश देतो.

सासऱ्यांची कापसाची जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायचा कारखाना; भागीदारीतली फर्म. ताई एम.कॉम. झालेल्या, लग्नानंतर काही वर्षं घरात होत्या, यंदाच्या हंगामापासून ऑफिसात बसू लागल्या. तिथे सासऱ्यांबरोबर 26 वर्षं काम करणारे मुनीम आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. काटापावत्या, शेतकऱ्यांची बिलं, मजुरांचं मस्टर, रोजमेळ म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, बँकेचं काम, सगळं आप्पाच बघतात. हंगामात ते एक दिवसही घरी राहत नाहीत. बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा दुपारनंतर येऊन बसले. ताईंना तीन गोष्टी खटकल्या. पंचवीस किलोमीटरवरच्या गावाहून आलेल्या एकाच ट्रॅक्टरच्या दोन भरलेल्या खेपा पाऊण तासाच्या अंतराने काट्यावर नोंदल्या आहेत. होळीआधी भोंगऱ्याच्या बाजारासाठी सातपुड्यातले पावरा मजूर आठवडाभर गावी गेले होते, पण मस्टरवर त्यातल्या काहींची हजेरी लागली आहे. आणि रोजमेळात दर शनिवारी 'किरकोळ खर्च' म्हणून एक गोल रक्कम पडते, तिला व्हाउचर नाही. हे सासऱ्यांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, "आप्पावर संशय म्हणजे माझ्यावर संशय. हा विषय घरात पुन्हा नको." नवरा गप्प आहे. ताई विचारतात: आप्पांना पकडायचं कसं? की आपणही गप्प बसायचं?

ताई,

तुमची नजर चांगली आहे, हे आधी सांगतो. ट्रॅक्टर पाऊण तासात पन्नास किलोमीटर जाऊन, कापूस भरून परत येत नाही, हे डिग्रीने कळत नाही. पण तुम्ही विचारलेला प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा. आप्पा चोर आहेत की नाहीत हे तुम्हाला आज माहीत नाही. मलाही नाही. तुमच्या सासऱ्यांनाही नाही, त्यांना फक्त तसं वाटतंय. आणि तुम्हाला उलटं वाटतंय.

तुमच्या तिन्ही गोष्टींना साधी सरळ कारणं असू शकतात. दोन भावांचा कापूस एका ट्रॉलीत आला, त्यांनी दोन खात्यांवर पैसे मागितले, म्हणून आप्पांनी पावती फोडली असेल. खेडा खरेदीत हे सर्रास चालतं. काट्यावरच्या पोराने गाडी नंबर चुकवला असेल. मजुरांच्या जागी मुकादमाने त्या आठवड्यापुरती दुसरी माणसं लावली असतील आणि जुन्याच नावांवर हजेरी भरली असेल. हेही चूकच, पण ती चोरी नव्हे. आणि शनिवारची रक्कम? ती घरात विचारा. तुमचे दीर किंवा सासरेच शनिवारी गल्ल्यातून पैसे नेत असतील, आणि आप्पा बिचारे ते कुठेतरी टाकायचं म्हणून 'किरकोळ'मध्ये टाकत असतील. मी बँकेच्या तपासणी खात्यात नोकरी केली आहे. घरच्या फर्मच्या हिशेबात व्हाउचर नसलेला खर्च दिसला की पहिली चौकशी मालकाच्या घरी करावी, हे तिथे शिकलो.

मग तुमची शंका खोटी का? नाही. तुम्ही जे पाहिलंत ते चोरीपेक्षा मोठं आहे. माल मोजायचा, त्याचं बिल करायचं, पैसे द्यायचे, वहीत लिहायचं आणि शेवटी मेळ बसला का ते तपासायचं, ही सगळी कामं तुमच्याकडे एकच माणूस करतो. अशा ठिकाणी चोरी झाली तरी दिसत नाही, आणि झाली नसली तरी ती झाली नाही हे सिद्ध करता येत नाही. अंतर्गत नियंत्रण म्हणून मोठ्या कंपन्या जे काही करतात त्याचा पाया एवढाच आहे: व्यवहाराला मंजुरी देणारा, माल किंवा पैसा हाताळणारा, नोंद करणारा आणि पडताळणारा, यात शक्यतो एक माणूस दोनदा येऊ नये.

हे न पाळल्याने काय होतं याची उदाहरणं जिनिंगपेक्षा फार मोठ्या घरांतली आहेत. लंडनची बेरिंग्ज बँक 1762 सालची, 1995 मध्ये बुडाली. तिच्या सिंगापूरच्या ऑफिसात सौदे करणं आणि त्या सौद्यांचा हिशेब मिटवणं ही दोन्ही कामं निक लीसन या एकाच माणसाकडे होती, म्हणून तोटा लपत गेला. आपल्याकडे 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या एका शाखेतला सुमारे 11,400 कोटींचा घोटाळा बाहेर आला. परदेशी बँकांना हमीचे संदेश एका यंत्रणेतून जात होते, आणि बँकेच्या मुख्य हिशेबाच्या यंत्रणेत त्यांची नोंदच होत नव्हती. दोन्हींचा मेळ रोज कुणी घालत नव्हतं, आणि संबंधित अधिकारी वर्षानुवर्षे त्याच शाखेत होता. फार लांब कशाला, जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्थांचे ठेवीदार आपल्याच ठेवींसाठी किती वर्षं खेटे घालत राहिले ते आपण पाहिलंय. तिथेही संचालक मंडळ होतं, लेखापरीक्षण होतं, इतिवृत्तावर सह्या होत्या.

आता सासऱ्यांच्या वाक्याकडे येतो. त्यांचं दुखणं खरं आहे. 26 वर्षांपूर्वी, भांडवल नसताना, आप्पांनी त्यांच्याबरोबर रात्री काढल्या असतील. त्यांना वाटतं, तपासणी लावली की त्या वर्षांवर पाणी पडलं. पण त्यांना एक विचारा. उद्या रोकड दोन लाखांनी कमी भरली तर गावात पहिलं नाव कुणाचं येईल? आप्पांचंच. आणि आपण घेतले नाहीत हे दाखवायला आप्पांकडे काय आहे? काहीच नाही, कारण मोजणारे तेच, लिहिणारे तेच. दुसऱ्या कुणाची सही आप्पांच्या आकड्याखाली असती, तर ती त्यांच्या बाजूने साक्ष ठरली असती.

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने 1950च्या सुमारास, विश्वासाच्या जागेवर बसून अफरातफर केलेल्या कैद्यांशी बोलून एक निष्कर्ष काढला. अशा माणसाच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र येतात: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी, आणि स्वतःच्या मनाची घातलेली समजूत. 'मी उसने घेतोय, परत टाकीन', 'एवढं राबतो, माझा हक्कच आहे' असली समजूत. संधी पूर्णपणे मालकाच्या हातात असते. बाकीच्या दोन निम्म्या तरी. म्हणून तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट विचारतो: आप्पांना पगार किती आहे? शेवटचा कधी वाढवला? हंगामात रात्री अकरापर्यंत बसणाऱ्या माणसाला दिवाळीला मिठाईचा पुडा देऊन आपण त्याला घरचा माणूस म्हणतो, ही आपल्या बाजारपेठेची फार जुनी खोड आहे.

आता जरा कडू बोलतो. पहिला नियम आप्पांवर लावू नका, घरावर लावा. तुम्ही लिहिलंय की चैत्रात सासरे सप्तशृंगी गडावर पायी जातात तेव्हा कोऱ्या चेकवर सह्या करून जातात, आणि त्यांचा बँकेचा मोबाइल ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच असतो, ओटीपी आप्पा बघतात. याला विश्वास म्हणू नका, हा आळस आहे. अशा चेकवर पुढे काय झालं तरी सही सासऱ्यांचीच. कोसो नावाची नियंत्रणाची चौकट 1992 पासून जगभर वापरतात, 2013 मध्ये ती सुधारली. तिच्या पाच अंगांत पहिलं अंग नियम किंवा तपासणी नाही, वरच्या माणसांचं वागणं आहे. मालक गल्ल्यातून चिठ्ठी न टाकता पैसे उचलतो तिथे रोकड कधीच जुळत नाही. आणि जुळत नाही याची सगळ्यांना सवय झाली की कुणाचंही काहीही त्यात खपतं. म्हणून उद्यापासून घरातल्या प्रत्येकाने, सासऱ्यांनीसुद्धा, उचल घेतली की चिठ्ठी टाकायची. शनिवारचं कोडं बहुतेक तिथेच सुटेल.

आणखी एक, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला ठाऊक आहे की बऱ्याच ठिकाणी असतं. फर्ममध्ये पक्क्या वहीशेजारी कच्च्या चिठ्ठ्यांचा हिशेब चालत असेल, तर खाली लिहिलेलं काहीही उपयोगाचं नाही. कच्चं सांभाळणाऱ्या माणसाला जाब विचारायची ताकद मालकात उरत नाही. त्याला ते माहीत असतं आणि मालकालाही.

हे घर सावरलं की मग कामाचं. तुमच्या धंद्यात एक फार मोठी सोय आहे, जी किराणा दुकानदाराला नाही: कापूस स्वतःच हिशेब सांगतो. शंभर क्विंटल कापूस ओढला की रुई साधारण 33 ते 35 क्विंटल निघते. 34 धरा. 170 किलोची गठाण, म्हणजे वीस गठाणी. सरकी साधारण 62-63 क्विंटल, उरलेली घट. ओलावा आणि वाण यांप्रमाणे हे थोडं मागेपुढे होणार. पण दर पंधरवड्याला खरेदीवहीतला कापूस एका बाजूला आणि प्रेसच्या रजिस्टरमधल्या गठाणी, विकलेली सरकी आणि गोदामातला शिल्लक माल दुसऱ्या बाजूला ठेवला, तर उतारा, म्हणजे शंभर क्विंटलमागे रुई किती निघाली, ते कळतं. उतारा सतत तीस-एकतीसवर येतोय, तर तीनच शक्यता: कापूस फार ओला घेतला जातोय, कागदावरचा कापूस प्रत्यक्षात आलाच नाही, किंवा माल फाटकातून परस्पर जातोय. तिन्ही तुम्हाला कळायलाच हव्यात, आणि पहिलीत तर चोर कुणीच नाही. यात युक्ती एवढीच की प्रेसचं रजिस्टर प्रेसवाल्याने लिहावं, आप्पांनी नाही. शेजारी महावितरणच्या बिलातली युनिटं ठेवा. दर गठाणीमागे लागणारी वीज फार हलत नाही, आणि मीटर कुणाच्या ओळखीचा नसतो.

बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, असेल तर दरमहा शिल्लक मालाचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला जातंच. ते कोण बनवतं आणि त्याआधी गोदामात जाऊन गठाणी कोण मोजतं, ते पाहा. बहुतेक ठिकाणी मागच्या महिन्याच्या आकड्यावरून पुढचा आकडा निघतो. हे बँकेला कळलं तर निस्तरायला मुनीम नसतात, भागीदार असतात.

काट्यावर: पावती छापील अनुक्रमांकाची, रद्द झालेली पावतीही फाडून न टाकता जागेवर, भरलेलं आणि रिकामं दोन्ही वजन वेळेसकट. काटा करणारा एक, बिल करणारा दुसरा. शिवाय आठवड्यातून आठ-दहा पावत्या मनाला येतील तशा उचलून तुम्ही स्वतः शेतकऱ्याला फोन करायचा. "दादा, कापूस किती भरला, पैसे पोचले का?" एवढंच. शेतकऱ्याला बरं वाटतं, आणि असा फोन होतो हे काट्यावर कळलं की निम्मं काम झालं. कुठल्या पावत्या उचलणार हे मात्र आधी कळता कामा नये.

पैसे शेतकऱ्याच्या नावच्या खात्यातच जावेत. मग वर्षाची सगळी पेमेंट एक्सेलमध्ये घ्या आणि खाते क्रमांकाने लावा. दोन वेगळ्या नावांपुढे एकच खातं आलं, किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचं खातं शेतकऱ्यांच्या यादीत आलं, तर ते तिथेच दिसतं. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमचे ट्रॅक्टरवाले भाऊ खरोखर भाऊ आहेत का, हेही त्यातच कळेल.

मस्टरबद्दल थोडक्यात: हजेरी लिहिणाऱ्याने पगार वाटू नये. शक्य तितक्या मजुरांचा पगार खात्यात टाका, आणि महिन्यातून दोनदा न सांगता आवारात जाऊन डोकी मोजा.

बँकेचं स्टेटमेंट आप्पांनी छापून दिलेलं नको, बँकेकडून थेट तुमच्या किंवा सासऱ्यांच्या ईमेलवर यायला हवं. हा बारीकसा वाटणारा मुद्दा आहे. पण 2009 मध्ये सत्यममध्ये हजारो कोटींची बँक शिल्लक फक्त कागदावर निघाली होती, आणि त्या कागदांवर अनेकांनी वर्षानुवर्षे विश्वास ठेवला होता.

"आमचे सीए आहेत ना," असं सासरे म्हणतील. असू द्या, पण त्यांच्याकडून ही अपेक्षा धरू नका. ते नमुन्याने तपासतात, आणि बऱ्याचदा तुम्ही दिलेल्या कागदावर. घोटाळे तपासणाऱ्यांच्या जागतिक संघटनेने 2024 मध्ये जगभरच्या प्रकरणांचा अहवाल दिला. त्यात बाहेरच्या लेखापरीक्षणातून उघड झालेले घोटाळे 3 टक्के होते आणि कुणीतरी दिलेल्या खबरीतून उघड झालेले 43 टक्के. खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त त्याच संस्थेतले कर्मचारी. म्हणजे तुमच्याकडे काही चाललं असेल तर ते हमालांना, वॉचमनला, ट्रकच्या ड्रायव्हरला आजही माहीत असेल. त्यांनी ते कुणाला सांगायचं? मोठ्या कंपन्यांत यासाठी रीतसर व्यवस्था असते. तुमच्याकडे ती व्यवस्था तुम्हीच. ऐकलेलं कुणाचं नाव न घेता पोटात ठेवायचं, आणि खबर देणाऱ्याचीही बाजू तपासायची. मुनिमावर डूख धरलेला हमालही असतो.

संगणकावर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा. कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद चालू ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. तुमची भागीदारी फर्म त्यात येत नाही, पण ती सोय असलेलं सॉफ्टवेअर वापरायला कुणी मनाई केलेली नाही. जुनी नोंद कुणी, कधी बदलली ते दिसतं.

आणि सुट्टी. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवावं. लपवलेली गोष्ट रोज सांभाळावी लागते. माणूस दहा दिवस नसला आणि त्याचं काम दुसऱ्याने केलं, तर ती वर येते. दोन अटी: काम साठवून ठेवायचं नाही, दुसऱ्याने करायचंच. आणि त्या काळात आप्पांना फोन करून विचारायचं नाही. पावसाळ्यात कारखाना बंद असताना दिलेली सुट्टी आराम म्हणून ठीक आहे, तपासणी म्हणून नाही. मला विचाराल तर चैत्रात सासऱ्यांनी गडावर जाताना आप्पांनाही बरोबर न्यावं. खर्च फर्मचा. वह्या तुमच्याकडे. आप्पांचा मान राहतो, सासऱ्यांना सोबत मिळते, आणि मार्च-एप्रिलचा मेळ तुम्ही स्वतः घालता. यात खोटं काही नाही. तुम्हाला काम शिकायचं आहे, हे कारण खरंच आहे, आणि आप्पांना तेच सांगा.

आता तुमच्या घरातली अडचण. सुनेने ऑफिसात येऊन पहिल्याच हंगामात मुनिमावर बोट ठेवलं, असं हे घरात दिसतंय. म्हणून आप्पांचं नाव घेणं थांबवा. सासऱ्यांपुढे एका वेळी एकच मागणी ठेवा, आणि पहिली मागणी चेकबुक आणि मोबाइलची. ती आप्पांबद्दल नाहीच. नवऱ्याला गप्प बसू देऊ नका. घरातली उचल-चिठ्ठी त्याने सुरू करावी, तुम्ही नाही. आणि ट्रॅक्टरचं? ते सरळ आप्पांनाच विचारा, सासरे बसलेले असताना, साध्या आवाजात: "आप्पा, या दोन पावत्या मला कळल्या नाहीत, समजावून सांगता का?" पावती फोडली असेल तर ते तिथल्या तिथे दोन नावं सांगतील.

समजा हे सगळं करताना खरंच काही निघालं. तर त्या दिवशी आरडाओरडा नको. मूळ कागद, काट्याचा डेटा, बँकेचे उतारे यांच्या प्रती काढून ऑफिसाबाहेर ठेवा, आधी वकिलाशी बोला, मग सासऱ्यांशी, मग आप्पांशी. रात्रभर ऑफिसात बसवून लिहून घेणं, चार पंच बोलावून घराचा कागद करून घेणं, असले प्रकार आपल्याकडे होतात. ते केलंत तर तक्रारदार तुम्ही न राहता आरोपी व्हाल. नोकराने मालकाच्या मालमत्तेचा अपहार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तो रस्ता उघडा आहे. रक्कम लहान असेल, अडचण खरी असेल, तर सासरे कदाचित माफ करतील. तो त्यांचा अधिकार. पण गल्ला आणि वही पुन्हा एका हातात जाणार नाही, एवढं तेव्हाही धरून ठेवा.

काहीच निघालं नाही तर आप्पांची माफी मागायची गरज नाही, कारण तुम्ही त्यांच्यावर आरोप केलेलाच नसेल.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा मला दोन आकडे कळवा: यंदाचा उतारा किती पडला, आणि आप्पांचा पगार किती आहे.